परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी कव्हर लेटर : पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा रजेचा अर्जच झाला

कळंबा_तिठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून एमए इंग्लिश, नंतर बीएड, आणि गेली चार वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याला माहितीये त्याला सांगायला नको, मानधन दिवाळीचं रंगपंचमीला येतं. तर आता ठरवलंय की वयाची तिशी यायच्या आत एकदा बाहेर जाऊन शिकवून बघायचं. १२० तासांचा ऑनलाइन टेफलचा, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचा, कोर्स केलाय. दोन जागा डोळ्यासमोर आहेत, एक व्हिएतनाममधलं लँग्वेज सेंटर आणि एक ओमानमधली शाळा. दोघांनी सीव्हीबरोबर कव्हर लेटर मागितलंय.

इथंच गाडी अडकलीये. सीव्ही झाला, पण लेटर लिहायला बसलं की हात आपोआप शाळेतल्या अर्जावर जातो. माझी सुरुवात वाचा, इंग्रजी देवनागरीत टाइप केलंय, हसू नका : "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू अप्लाय फॉर द पोस्ट ऑफ इंग्लिश टीचर. आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग, सिन्सिअर, डायनॅमिक अँड पॅशनेट टीचर..." आणि शेवटी "आय होप यू विल डू द नीडफुल".

स्वतः इंग्रजी शिकवते आणि स्वतःबद्दल चार ओळी नीट लिहिता येत नाहीत, लाज वाटतेय. दुसरी भीती म्हणजे मी नेटिव्ह स्पीकर नाही, घरी "मी आलो, मी गेलो" बोलणारी कोल्हापूरची पोरगी, तर त्याबद्दल लेटरमध्ये आधीच काहीतरी लिहून टाकावं का? म्हणजे इंग्रजी माझी मातृभाषा नाही पण मी खूप मेहनत घेईन वगैरे. कुणी गेलं असेल तर सांगा प्लीज. फॉरमॅट असेल तर तोही टाका.

खटक्यावर_बोट

ताई, "आय बेग" वाचून त्यांनी पाच रुपयं पाठवलं न्हाईत हेच नशीब.

चेष्टा सोडा, पण खरंच सांगतो, मी एमआयडीसीत सुपरवायझर हाय, पोरं कामाला घेताना अर्ज बघतोय, सगळे हार्डवर्किंग आणि सिन्सिअरच असत्यात. आजपर्यंत एकानं बी "मी आळशी हाय" असं लिहिलेलं न्हाई. मग ते वाचून मला काय कळणार?

मस्कतहून_परत

मॅडम, मी मस्कतला एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवून आता राजारामपुरीत घरी बसलोय, तर माझ्या माहितीतलं सांगतो. लेटरच्या आधी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे तुमच्या पासपोर्टवर त्या देशात ही नोकरी मिळते का. बरीच पोरं महिना-महिना लेटर घासत बसतात आणि शेवटी कळतं की तिथं आपल्याला व्हिसाच नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या, तिथं इंग्रजी शिकवायचा नेहमीचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच. भारताचा कोरियाशी २०१० पासून जो आर्थिक करार आहे त्यातून आपल्याला एक वेगळी वाट आहे, पण त्याला पदवीबरोबर शिक्षकाची पात्रता लागते. म्हणजे तुमचं बीएड तिथं सोन्याचं आहे आणि नुसत्या टेफलवाल्याला ते दार बंद. जाहिरातीत "नेटिव्ह स्पीकर्स ओन्ली" असलं तर रुसायचं नाही, पुढच्या जाहिरातीकडं जायचं. लेटरमधून तिथं कुणाचं मन वळत नाही.

दुसरं, शाळा आणि लँग्वेज सेंटर या दोन वेगळ्या जाती आहेत, एकच लेटर दोघांना पाठवू नका. आमच्यासारख्या शाळेत मुख्याध्यापक आधी बीएड बघतो, मग बोर्डाचे वर्ग किती वर्षं घेतलेत, पेपर तपासलेत का, वर्ग सांभाळता येतो का, आणि वर्ष सुरू व्हायच्या आत येऊ शकाल का. तिथं तुम्ही संभाषणाचे खेळ घेता हे कुणी विचारत नाही. सेंटरवाल्याला याच्या बरोबर उलटं, त्याला पोरं बोलती झाली पाहिजेत कारण पालक त्याचेच पैसे भरतो.

आणि पहिल्या पॅरात, ताणू नका, कुठली जागा, तुम्ही कोण, किती वर्षं, कधीपासून मोकळ्या. चार ओळी. आमचे मुख्याध्यापक लेटर उभ्यानंच वाचायचे, एका हातात चहा.

कागदपत्रांचंही आत्ताच चालू करा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, अपोस्टिल म्हणजे कागदावरचा परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का, जो करारातल्या देशांत थेट चालतो. ओमानही त्यात आहे, त्यामुळं तिथं अपोस्टिल चालतं. करारात नसलेला देश असेल तर आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास अशी वारी. त्यात दिवस जातात. "डिग्री अटेस्ट करून तयार आहे" एवढं एक वाक्य लेटरच्या शेवटी असलं तर चार विशेषणांपेक्षा जड पडतं.

अर्धा_कप

कळंबा_तिठा, मी मूळची इचलकरंजीची, सध्या हनोईत एका सेंटरला आहे, आणि गेली तीन वर्षं शिक्षकांचे अर्ज पहिल्यांदा चाळायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं टेबलाच्या पलीकडून सांगते.

अर्जांचा ढीग असतो आणि त्यातली अर्ध्याच्या वर लेटरं तुझ्यासारखीच असतात, भारतातून आलेली तर ओळखूच येतात. डू द नीडफुल, काइंडली कन्सिडर, आय पास्ड आउट इन अमुक वर्षी. त्या पास्ड आउटवर माझा स्कॉटिश सहकारी पहिल्यांदा खरंच घाबरला होता, त्याला वाटलं बाई चक्कर येऊन पडली. यात चूक तुझी नाही गं, आपल्याला अर्ज शिकवला तो सरकारी कचेरीतला, साहेबापुढं वाकून लिहायचा. तो साहेब गेला, अर्ज राहिला. तिकडं लेटर वाचणारा माणूस तुझा होऊ घातलेला सहकारी असतो, त्याच्यापुढं वाकायचं नाही आणि छाती पण काढायची नाही, स्टाफरूममध्ये शेजारी बसलीयेस असं समजून सांगायचं.

आता तुझी नेटिव्हवाली भीती. एक शब्दसुद्धा माफीचा लिहू नकोस. मी असं लेटर वाचलंय ज्यात बाईंनी तिसऱ्याच ओळीत "दो आय अ‍ॅम नॉट अ नेटिव्ह स्पीकर" म्हटलं होतं, तोपर्यंत माझ्या डोक्यात तो विचारच आला नव्हता, तिनंच आणून दिला. त्याऐवजी पुरावा दे. आयईएल्ट्स दिली असशील तर बँड लिही, दोन वर्षांच्या आतली असली तरच. एमए इंग्रजीतून झालंय तर विद्यापीठाकडून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं सर्टिफिकेट काढून ठेव, ते बरेच ठिकाणी मागतात. आणि तू इंग्रजी शिकून वर आलीयेस ही गोष्ट वर्गात कामाला कशी येते ते दाखव. "अ, अ‍ॅन, द" कुठं घालायचं हे लंडनच्या पोराला कानानं कळतं, पण का ते त्याला सांगता येत नाही. मराठीत आर्टिकलच नाहीत, तू ते एकेक करून शिकलीस, आणि व्हिएतनामी भाषेतसुद्धा इंग्रजीसारखी आर्टिकल नाहीत. तुझ्या पोरांची तिथं होणारी चूक तू स्वतः करून बसलेली असतेस.

टेफलबद्दल एक. नुसतं १२० तास लिहून सोडू नकोस, कारण ऑनलाइन कोर्स म्हणजे खऱ्या पोरांसमोर उभं न राहता मिळालेला कागद असं आम्ही धरून चालतो. सेल्टाचे, म्हणजे केंब्रिजच्या इंग्रजी शिक्षकांच्या कोर्सचे, पण साधारण १२० तासच असतात, पण त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागं परीक्षक बसलेला असतो, फरक तिथं आहे. तुझ्याकडं त्याला उत्तर आहे, दोन वर्षांच्या बीएडमध्ये २० आठवडे शाळेत काढले असशील की नाही? ते लिही. इथल्या लोकांना बीएड म्हणजे काय ते माहिती नसतं, त्यांना उलगडून सांगावं लागतं.

आणि आता मुख्य. दुसऱ्या पॅरात मला तुझा एक तास दिसला पाहिजे. एकच. "मी विद्यार्थीकेंद्री पद्धती वापरते" असलं काही नको. पोरं किती, कुठल्या पातळीची, काय अडलं, तू काय केलंस, पुढं काय झालं. सांग बरं, आत्ता इथंच सांग, इंग्रजी विसर, मराठीत सांग. चार वर्षांत असा कुठला तास आठवतोय जो संपल्यावर तू स्टाफरूममध्ये कुणालातरी सांगितला होतास?

कळंबा_तिठा

बाप रे, तुम्ही सगळे देव आहात. सर, कोरियाचं मला अजिबात माहिती नव्हतं.

@अर्धा_कप ताई, तास म्हणाल तर एक आहे पण तो लेटरमध्ये लिहायच्या लायकीचा नाही हो, गावठी आहे. बारावी आर्ट्सचा वर्ग, पटावर ७२, पॅसिव्ह व्हॉइस चाललेलं. आपल्याकडं कसं शिकवतात माहितीये, रामा किल्ड रावणा, रावणा वॉज किल्ड बाय रामा, उलट-सुलट करत बसायचं. पोरं वहीत बरोबर करायची आणि दुसऱ्या दिवशी ढिम्म. तर मागच्या बाकावर एक पोरगा होता, सीझनला निम्मे दिवस गैरहजर, कारण घरचं गुऱ्हाळ. त्या दिवशी आला होता, हाताला गुळाचा वास. मी वैतागून म्हटलं, ये पुढं, गूळ कसा करतात ते सांग आम्हाला. तो मराठीत सांगत गेला आणि मी फळ्यावर इंग्रजीत लिहीत गेले. ऊस गाळला जातो, रस काहिलीत ओतला जातो, खाली चुलवाणाला चिपाडं घालतात, रानभेंडीचा चीक टाकला जातो, मळी वर येते ती काढली जाते. पाचव्या वाक्याला तोच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात करणारा कुठंच येत न्हाई की." मी म्हटलं, हेच ते पॅसिव्ह. कोण करतंय त्याच्याशी देणंघेणं नाही, रसाचं काय होतंय ते बघायचं.

तर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, असं कसं, गूळ उतरवायची वेळ गुळव्याच ठरवतो, तो चुकला तर अख्खी काहील वाया, त्याचं नाव नको का घ्यायला? मग पूर्ण वर्ग भांडला यावर. आणि त्या भांडणातून "बाय" कधी लावायचा आणि कधी सोडायचा ते त्यांना कळलं, द टाइम इज डिसायडेड बाय द गुळव्या. गुळव्याला इंग्रजी शब्द नाही मिळाला, तसाच ठेवला. नंतर प्रत्येकानं आपापल्या घरचं काम लिहून आणलं, कुणी चपलेचं, कुणी म्हशीची धार, एकानं तालमीतली माती कशी करतात ते लिहिलं, हळद, ताक, तेल घालून. उलट-सुलट न करता सरळ पॅसिव्हमध्ये.

पण हे काय लेटरमध्ये लिहायचं? गूळ?

अर्धा_कप

हेच!! अगं वेडे, हेच. मी हे वाचताना माझा चहा गार झाला.

गावठी काय त्यात. तू पॅसिव्ह का वापरतात हे ७२ पोरांना नियम न सांगता दाखवलंस, हातात पुस्तक नाही, प्रोजेक्टर नाही. इथं आम्ही शिक्षकांना ट्रेनिंगमध्ये हेच सांगत असतो, आधी अर्थ, मग रूप, मग पोरांनी स्वतःचं काहीतरी बोलावं. तुझ्या तासात ते तिन्ही आहे. फक्त लेटरमध्ये शंभर-एकशेवीस शब्दांत बसव, मळी-बिळी सगळं नको, पण "ह्यात करणारा कुठंच येत नाही" हे त्या पोराचं वाक्य ठेव. आणि पातळी लिही, इथं ए२, बी१ अशा युरोपियन पट्टीत बोलतात, तुझा वर्ग ए२ च्या, म्हणजे साधं रोजचं इंग्रजी जमणाऱ्यांच्या, आसपास असणार.

सर म्हणाले ते पण धर, ओमानच्या शाळेला हाच तास पाठव पण शेवट बदल, तिथं बोर्डाच्या पेपरात पुढं त्या प्रश्नाचं काय झालं ते लिही.

खटक्यावर_बोट

रामा किल्ड रावणा 😂 आमच्या वेळेपास्नं रावण मरतोयच. गुळव्या नाद खुळा.

शाहूपुरी_३री_गल्ली

विषय थोडा वेगळा पण सांगायला पाहिजे, कारण ताई एकट्याच जाणार असं दिसतंय. मागच्या वर्षी माझ्या बहिणीला एकानं आखातातल्या शाळेत लावतो म्हणून दीड लाख मागितले, आणि वर म्हणाला कव्हर लेटर आम्हीच लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा. ते लेटर बघितलं तर त्यात तिचा आठ वर्षांचा अनुभव लिहिलेला, पोरगी तेव्हा चोवीसची. आम्ही तिथंच उठलो. नंतर कळलं की परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, आणि नोंदणीकृत एजंटलासुद्धा सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. तेव्हा कुणी लाखात बोलायला लागलं की चप्पल घालायची आणि निघायचं. आणि टुरिस्ट व्हिसावर या, इथं आल्यावर करू, असं म्हणणारा कुणी भेटला तर फोनच ठेवायचा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या साइटवरून मिळतं. पत्ता बदललेला असला तर तिथं अडकतं, बहिणीचं अडकलं होतं.

मस्कतहून_परत

वरच्यांचं शंभर टक्के बरोबर. खोटा अनुभव तर अजिबात नको, आमच्याकडं एकाला तीन महिन्यांनी परत पाठवलेलं बघितलंय.

मॅडम, स्पेलिंगचं राहिलं. ओमानच्या शाळेला लिहिताना ब्रिटिश स्पेलिंग ठेवा. आणि "फ्रेशर", "प्रीपोन" हे आपले घरचे शब्द घरीच राहू देत.

अर्धा_कप

सर, स्पेलिंगवर थोडं वेगळं मत आहे माझं. ब्रिटिश असो अमेरिकन असो, कुठलंही चालतं, पण एका पानात दोन नको. कलरमध्ये यू घातला तर पुढं सेंटर पण ब्रिटिशच पाहिजे. सेंटरचं नाव मात्र ते स्वतः लिहितात तस्संच. आमच्या सेंटरचं नाव चुकीचं लिहिलेलं लेटर मी आजपर्यंत पुढं पाठवलेलं नाही, त्यात अन्याय होत असेल तर होऊ दे.

कळंबा_तिठा

काल रात्री दोनपर्यंत बसून लिहिलं. आई म्हणाली एवढा अभ्यास एमएला केला असतास तर. व्हिएतनामचं लेटर असं झालंय, थोडक्यात मराठीत सांगते.

पहिला पॅरा : तुमच्या साइटवरची अमुक जागा, मी कोल्हापूरच्या ज्युनिअर कॉलेजात चार वर्षं सोळा ते अठराच्या मुलांना शिकवते, एमए, बीएड, त्यात २० आठवडे शाळेत, शिवाय १२० तासांचं टेफल. पंधरा दिवसांच्या नोटीसवर येऊ शकते. दुसरा पॅरा : गुऱ्हाळ. सुरुवात अशीच केली, "७२ विद्यार्थी, एक फळा, आणि कुणालाच नको असलेला पॅसिव्ह व्हॉइस". शेवट मुलाच्या वाक्यावर. तिसरा : तुमच्याकडं किशोरवयीन मुलांचे वर्ग १५ जणांचे असतात असं तुमच्या साइटवर वाचलं, मी ७२ मध्ये प्रत्येकाला महिन्यातून एकदाच बोलतं करू शकायचे, १५ मध्ये रोज करता येईल, त्यासाठी मला तुमच्याकडं यायचंय. हे खरंच मनातलं लिहिलं. चौथा : कागदपत्रं, पासपोर्ट, डेमो द्यायला तयार. एकूण २९० शब्द. हार्डवर्किंग नाही, पॅशनेट नाही, बेग नाही.

एक शंका, "डिअर हायरिंग मॅनेजर" लिहू की नाव शोधू? आणि फोटो लावायचा का?

अर्धा_कप

साइटवर अकॅडमिक मॅनेजरचं नाव असतं बहुतेक वेळा, ते घाल. नसेल तर हायरिंग मॅनेजर चालतं, "सर ऑर मॅडम" नको. फोटो त्यांनी मागितला असेल तरच, आणि तो सीव्हीला, लेटरला नाही. पीडीएफ कर, फाईलला स्वतःचं नाव दे. मला एकदा "कव्हर लेटर फायनल फायनल २" नावाची फाईल आली होती, आणि आत दुसऱ्याच सेंटरचं नाव.

तिसरा पॅरा फार छान झालाय. हात लावू नकोस त्याला.

कळंबा_तिठा (११ दिवसांनी)

ओमानवाल्यांचं अजून काही नाही. पण व्हिएतनामच्या सेंटरचं उत्तर आलं!! गुरुवारी ऑनलाइन डेमो, २० मिनिटं, त्यांचेच सहा विद्यार्थी बसवणारेत, आणि ईमेलमध्ये लिहिलंय की तो गुळाचाच तास घ्या, आम्हाला बघायचाय. आता पंचाईत अशी की त्या पोरांनी काहील कधी बघितलेली नसणार, चित्र तर दाखवायला पाहिजे, आणि आत्ता ऑगस्टमध्ये एक गुऱ्हाळ चालू नाही. इंटरनेटवरचे फोटो सगळे ढेपांचे आहेत, मळी काढतानाचा एकही धड नाही. कुणाकडं आहे का?

खटक्यावर_बोट

माझ्या मामाचं हाय वडणग्याकडं. गेल्या सीझनचा व्हिडिओ हाय मोबाईलमध्ये, चांगला चार मिनिटांचा, रस ओतल्यापास्नं वाफ्यात घालेपर्यंत. मेसेजमध्ये पाठवतो. फक्त आवाज बंद करून दाखवा ताई, पहिली दोन मिनिटं मामा चुलवाणवाल्याला शिव्या घालतोय.